सहा जीबी कोणी खाल्ली?

२०२४च्या जूनमध्ये मी पंधरा दिवसांसाठी गावी आलो होतो. कळंब तालुक्यातलं गाव, पेरणीचे दिवस. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ती गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मिळते, म्हणून माझं ऑफिसही टाकीशेजारी. अशाच एका रात्री एक चाळीसला फोन वाजला. त्या आठवड्याची ऑन-कॉल ड्यूटी माझी होती. एका सर्व्हरची मेमरी संपली होती आणि लिनक्सने आमची सर्व्हिस मारून टाकली होती.

मारून टाकली हा माझा शब्द नाही. लिनक्समध्ये त्या यंत्रणेचं नावच 'ओओएम किलर' आहे. मेमरी पूर्ण संपली, कुठूनही मोकळी होईना, की हा किलर चालू प्रोसेसची यादी बघतो, सहसा सगळ्यात जास्त मेमरी घेतलेली प्रोसेस निवडतो, तिला मारतो आणि लॉगमध्ये तिचं नाव लिहून ठेवतो. पोलिसांच्या पंचनाम्यात मयताचं नाव असतं, आरोपीचं वेगळं असतं. इथे नाव एकच असतं, आणि सकाळी ते वाचणारा प्रत्येकजण मयतालाच आरोपी समजतो.

मयत सर्व्हिस माझी होती. ग्राहकांची बिलं तयार करणारी, जावामध्ये लिहिलेली. चारच दिवसांपूर्वी तिच्यात मी एक मोठा बदल करून तो प्रॉडक्शनला सोडला होता. त्यामुळे निदान व्हायला वेळ लागला नाही. "मेमरी लीक दिसतेय. तुझ्या रिलीजनंतरच सुरू झालंय," असं मॅनेजरने सकाळच्या कॉलवर सांगितलं. त्यात राग नव्हता. मला स्वतःलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

मी बदल मागे घेतला. दुसऱ्या रात्री, बिलांचं काम चालू झाल्यावर, पुन्हा तेच. जुन्या कोडनेही जीव सोडला. यावर शहाण्या माणसाने थांबून विचार करायला हवा होता. मी केलं असं की जुन्या कोडमध्येही लीक असणार असं गृहीत धरून दोन दिवस हीप डंप उघडत बसलो. हीप डंप म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटाचा एक्स-रे. कुठली वस्तू किती जागा धरून बसली आहे, हे त्यात दिसतं. माझ्या प्रोग्रॅमचं पोट चार जीबीच्या आसपास होतं आणि तिथेच राहत होतं. वाढतच नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी मी सगळ्या टीमला मेल लिहिला की बहुधा माझ्याच बदलामुळे हे झालं असावं, मी दिलगीर आहे, शोध चालू आहे. तो मेल अजून माझ्या सेंटमध्ये आहे. न केलेल्या गोष्टीची इतकी नीटनेटकी कबुली मी आयुष्यात दुसरी लिहिलेली नाही.

मग त्याच संध्याकाळी, जे पहिल्या रात्री करायला हवं होतं ते केलं. बेरीज. आप्पांच्या खतांच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान घेतलं. मशीन सोळा जीबीचं. लिनक्स 'एकूण' म्हणून साडेपंधराच्या वर थोडी दाखवतं, कारण कर्नेलने स्वतःसाठी राखलेली जागा आधीच वजा झालेली असते. वापरात पंधरा. आता ही पंधरा कोणाकडे? माझी सर्व्हिस, डेटाबेस, लॉग गोळा करणारी दोनतीन किरकोळ माणसं, कर्नेलचे स्वतःचे तक्ते, फाइलींची कॅश, सगळं मांडलं. नऊच्या पुढे जाईना. दोनदा केलं, तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटरवर केलं. सहा जीबी वापरात होती आणि कोणीच वापरत नव्हतं.

पुण्याला इन्फ्रा टीममधल्या मित्राला फोन लावला. तो जेवत होता. "अरे हां," तो म्हणाला, "त्या होस्टवर गेल्या आठवड्यात आणखी मशिनं टाकलीयेत. बलून फुगला असेल." आणि पुढचा घास घेतल्याचा आवाज आला.

आता हा फुगा काय ते सांगायला हवं. तुमचा सर्व्हर हल्ली खरा सर्व्हर नसतो. एका मोठ्या यंत्रावर, त्याला होस्ट म्हणतात, दहावीस कल्पित यंत्रं चालतात. त्यांना गेस्ट म्हणतात. प्रत्येक गेस्टला वाटतं की मी एकटाच आहे आणि ही सोळा जीबी माझीच आहे. होस्टने मात्र हातात असलेल्यापेक्षा जास्त वाटलेली असते, कारण सगळे पाहुणे एकाच वेळी पोटभर जेवत नाहीत हे त्याला अनुभवाने माहीत असतं. कधीतरी जेवतात. मग होस्टला काही पाहुण्यांच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढावं लागतं. आमच्याकडे असा यजमान पंचक्रोशीत तोंड दाखवू शकणार नाही, पण डेटा सेंटरमध्ये ही रोजची गोष्ट आहे.

अडचण अशी की काढायचं कुठलं, हे यजमानाला कळत नाही. गेस्टने एकदा हात लावलेलं मेमरीचं प्रत्येक पान बाहेरून सारखंच दिसतं. त्यावर आजची बिलं आहेत की महिन्यापूर्वी वाचलेल्या फाइलची कॅश, हे फक्त आतल्याला ठाऊक. व्हीएमवेअरमध्ये काम करणाऱ्या कार्ल वाल्डस्पर्गरने २००२ साली एका निबंधात यावरचा उपाय मांडला. गेस्टच्या आतच आपला एक माणूस बसवायचा. हा बलून ड्रायव्हर.

धाराशिवच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसं समजा. गाडीत आगाराचा एक माणूस आधीपासून बसलेला आहे. आगारातून निरोप येतो, दुसऱ्या गाडीला चौदा सीटा कमी पडतायत. हा उठतो आणि रुमाल टाकत जातो. आधी रिकाम्या सीटांवर, मग जिथे नुसत्या पिशव्या ठेवल्यात तिथे पिशव्या उचलायला लावून. रुमाल टाकलेल्या सीटांचे नंबर तो आगाराला कळवतो. आगार त्या सीटा खोलून दुसऱ्या गाडीत नेऊन बसवतं. या गाडीत रुमाल तेवढे हवेत तरंगत राहतात. गाडीत चढणाऱ्याला सीट नसल्याचं दिसत नाही, धरलेली दिसते. निरोप फिरला की सीटा परत येतात आणि रुमाल उचलले जातात. म्हणून फुगा. फुगतो तेव्हा जागा अडते, हवा सोडली की मोकळी होते.

युक्ती सुंदर आहे, यात शंका नाही. ज्याला माहिती आहे त्यालाच निवडायला लावायचं, वर गेस्टच्या कोडला हात लावायचा नाही. माझा राग फुग्यावर नाहीच. माझा प्रश्न कंडक्टरच्या कागदाचा आहे. चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत अठ्ठावीस प्रवासी बसलेत, चौदा रुमाल आहेत आणि कागदावर दोनच रकाने आहेत, भरलेल्या आणि रिकाम्या. कंडक्टर काय लिहील? भरलेल्या बेचाळीस. मग पुढच्या स्टॉपवर पाचजण चढले, तिघं उभे राहिले आणि तक्रार झाली, तर दोष कोणाला? बसलेल्या अठ्ठाविसांना, आणि त्यातही ज्याच्याकडे सामान जास्त आहे त्याला.

आमच्या मशीनवर नेमकं हे झालं. फुग्यात सहा जीबी. चार केबीचं एक पान धरलं तर १५,७२,८६४ पानं. ती फुग्याच्या ड्रायव्हरने रीतसर मागून घेतली, म्हणून कर्नेलच्या लेखी ती मोकळी नव्हती. कुठल्याच प्रोसेसच्या खात्यावर नव्हती, कॅशमध्येही नव्हती. 'एकूण' मात्र जसंच्या तसं. देखरेखीचा आलेख एकूणातून उपलब्ध वजा करतो आणि उत्तराला 'वापर' म्हणतो. रात्री बिलांच्या कामाला दीड जीबी जास्त लागायची, जी वर्षभर बिनबोभाट मिळत होती. आता मिळाली नाही. किलर उठला आणि त्याने सगळ्यात जास्त सामानवाला उचलला.

सगळ्या ड्रायव्हरांची वही सारखी नसते. लिनक्सच्या व्हर्टिओ बलूनमध्ये एक साधी ओळ आहे. फुग्यात पान गेलं की 'एकूण'मधून एक वजा. सोळाचं मशीन दहाचं दिसायला लागतं. पण 'डिफ्लेट ऑन ओओएम' ही सोय चालू असेल, म्हणजे अगदी जिवावर बेतलं तर फुगा स्वतःहून हवा सोडेल असं ठरलेलं असेल, तर हीच ओळ टाळली जाते. अडीनडीला परत मिळणार असेल तर ती मेमरी तुमचीच, मग एकूणमध्ये धरायला हवी. दोन्ही बाजूंना तर्क आहे. मी यावर बरेच दिवस विचार केला, कारण तोवर तो माझा खाजगी मामला झाला होता.

एकूणमधून वजा केलं तर निदान खोटी ऐट राहत नाही. पण एकूण हा आकडा बदलतो हे बहुतेक प्रोग्रॅमच्या गावीही नसतं. जावाला तुम्ही काही सांगितलं नाही तर ती चालू होताना एकदाच मशीनची मेमरी विचारते आणि साधारण चौथा हिस्सा ही आपल्या हीपची कमाल मर्यादा ठरवते. फुगा रिकामा असताना चालू झाली तर सोळाचा चौथा, फुगलेला असताना झाली तर दहाचा. तोच प्रोग्रॅम, तेच मशीन, मंगळवारी एक वागणूक आणि शुक्रवारी दुसरी. शिवाय टक्क्यांवर लावलेल्या सगळ्या अलार्मांचा छेदच हलतो.

एकूण तसंच ठेवून 'वापर' वाढवला तर छेद स्थिर राहतो, पण अंशात कोणीतरी खोटा शिरतो. पहिल्या पद्धतीत माणूस विचारतो, माझी सहा जीबी गेली कुठे? दुसऱ्या पद्धतीत विचारतो, सहा जीबी खाल्ली कोणी? पहिल्या प्रश्नाला जागा शोधावी लागते. दुसऱ्याला माणूस.

तिसरा मार्ग कोणाही वाण्याला सुचेल इतका सरळ आहे. एकूण राहू द्या, आणि फुग्याचा वेगळा रकाना काढा. उसनी दिलेली रक्कम खर्चातही मांडायची नाही आणि शिल्लकेतही. लिनक्सकडे रकान्यांची तशी कमतरता नाही. २०१४मध्ये ३.१४ या आवृत्तीपासून 'मोकळी' आणि 'उपलब्ध' हे दोन वेगळे आकडे मिळायला लागले. कॅशमध्ये गुंतलेली पण मागितली तर सुटणारी मेमरी त्याआधी लोकांना उगाच घाबरवायची. आमच्या भागात हा फरक समजावून सांगावा लागत नाही. धाराशिव शहराला उजनीचं पाणी येतं. उजनीत एकूण ११७ टीएमसी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे, आणि उन्हाळ्यात 'उजनी वजा वीस टक्के' अशी बातमी वाचून कोणी गणित चुकलं म्हणत नाही. धरणात पाणी आहे आणि तरी साठा वजा आहे, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं, कारण रकाना वेगळा आहे. लिनक्सच्या मेमरीच्या पत्रकात 'बलून' नावाचा स्वतंत्र रकाना यायला मात्र २०२५ उजाडलं. फुग्याची कल्पना मांडल्यानंतर तेवीस वर्षांनी.

मित्राने त्या रात्री जेवण झाल्यावर माझं मशीन कमी गर्दीच्या होस्टवर हलवलं. फुगा उतरला. मी दुसरा मेल लिहिला, बेरजेसकट. मॅनेजरने त्यावर अंगठा दिला. पहिल्या मेलला सहाजणांनी उत्तरं दिली होती, "होतं असं", "काळजी करू नकोस". दुसऱ्याला एकानेही नाही. पुढच्या दोन महिन्यांत कुठलंही मशीन अडकलं की कोणीतरी सहज म्हणायचं, "ते बिलिंगचं लीक परत आलं का बघ."

इथे हे संपलं असतं. पण त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात पावसाने झोडपून काढलं. आमचं सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं होतं. आप्पांनी त्या खरिपाचा पीकविमा भरला होता, एक रुपयावाला. तेव्हा बहात्तर तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यायची असायची, तीही त्यांनी माझ्याकडून करून घेतली. नंतर पाहणीला माणूस आला, शेतात फिरला, कागदावर काही लिहून गेला. महिनाभराने कळलं की आमचा दावा अडकला आहे. विम्यात दाखवलेलं क्षेत्र जागेवर भरत नाही.

मी फोनवर होतो. आप्पा सांगत होते, "म्हणायलेत, रान जास्त दाखवलंय. मी सांगितलं, चुकून झालं आसंल. तसं लिहून दिलं बाबा."

"लिहून दिलं? काय लिहून दिलं?"

"हेच की, चुकून जास्तीचं भरलं म्हणून. सही केली."

मला तो मेल आठवला.

आमच्या सातबाऱ्यावर दोन हेक्टर वीस आर आहे. विमा भरताना केंद्रावरच्या पोराने सातबारा बघून दोन हेक्टर वीस आरच टाकलं, आणि त्याची त्यात चूक नाही. जमीन मात्र तेवढी नाही. १९७२च्या दुष्काळात सरकारी कामं निघाली, त्यात आमच्या गावाला पाझर तलाव झाला. त्याचा भराव आणि त्यामागचं पाणी आमच्या शिवारातल्या पंचेचाळीस आरांवर आहे. आबा स्वतः त्या तलावाच्या कामावर खडी फोडायला होते. स्वतःच्याच रानावर, रोजाने. लोक उपाशी होते, काम आधी झालं, कागद मागे राहिले. ते अजून मागेच आहेत.

तलावाबद्दल आमच्या घरात कधी कोणी वाकडं बोललेलं नाही. खालच्या सगळ्या विहिरी त्याच्यावर जगतात, आमचीही. २०१५–१६च्या दुष्काळात तलाव कोरडा पडला तेव्हा आप्पांनी पोटात गाळपेर केली होती. म्हणजे फुगा उतरला की जमीन परत मिळते, तेही खरं. फक्त वहीत या सगळ्याला जागा नाही. पन्नास वर्षं आम्ही दोन हेक्टर वीस आरांचे मालक आहोत, त्यातल्या पाण्याखालच्या जमिनीसकट.

मजा अशी की रकाना आहे. सातबारा हा दोन नमुन्यांचा कागद. गाव नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. सातमध्ये पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग 'अ' म्हणजे खडक-नाल्यासारखं मुळातच लागवडीला नालायक, आणि वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, तलाव अशा सार्वजनिक कामाखाली गेलेलं, ज्यावर आकारणी नाही. बारामध्येही 'लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन' असा रकाना आहे, त्यात स्वरूप आणि क्षेत्र दोन्ही लिहायचं. आणि सरकारने जमीन संपादित केली तर एकूणच कमी करायची सोयही आहे. तिला कमी-जास्त पत्रक म्हणतात. व्हर्टिओच्या त्या एका ओळीला मराठीत याहून चांगलं नाव सापडणार नाही. ज्यांनी हे नमुने आखले त्यांनी मेमरीवाल्यांच्या कितीतरी आधी हा प्रश्न पुरता सोडवला होता. आमच्या उताऱ्यावर ते सगळे रकाने कोरे आहेत, एवढंच.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आप्पांना घेऊन तालुक्याला गेलो. तिथल्या बाईंनी उतारा बघितला, स्क्रीन बघितली. "तुमचं क्षेत्र तर बरोबर दिसतंय की," त्या म्हणाल्या. मी तलावाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मोजणी आणा, मग संपादनाचे कागद आणा, मग बघू. वाईट बोलल्या नाहीत. त्यांच्यासमोर जे पत्रक होतं त्यात आम्ही जास्त रान दाखवणारे शेतकरी होतो, आणि पत्रकात नसलेलं त्यांना कुठून दिसणार? आप्पा पूर्ण वेळ टोपी हातात धरून उभे होते. परत येताना गाडीवर मागे बसून म्हणाले, "आबाला म्हायती होतं सगळं. कुणी इचारलंच नाही." आणि जरा वेळाने, "ते सही केलेलं माघारी घेता येतंय का रे?"

येत नाही, बहुतेक. मीही माझा मेल मागे घेऊ शकलो नव्हतो.

मोजणीचा अर्ज भरला. मोजणी झाली, तलाठ्याकडे कागद गेले, कमी-जास्त पत्रकाचं पुढे सरकतंय असं सांगतात. ऑफिसात आम्ही नवा कर्नेल चढवायला घेतला तेव्हा मी देखरेखीच्या पाटीवर बलूनचा एक वेगळा आलेख लावला, पिवळ्या रंगात. बहुतेक दिवस तो शून्यावर पडलेला असतो आणि नव्या पोरांना तो कशाला ठेवलाय कळत नाही.

या खरिपात ई-पीक पाहणी आप्पांनी स्वतः करायची ठरवली. मी फक्त मोबाइल धरायला. एक हेक्टर पंच्याहत्तर आर सोयाबीन, रानात उभं राहून फोटो. मग आम्ही भरावावर गेलो. उरलेलं पंचेचाळीस आर ते बोटाने हळूहळू टाइप करत होते, 'कायम पड' म्हणून. "बेरीज कर," म्हणाले. केली. दोन हेक्टर वीस. भरावावर रेंज नव्हती, म्हणून माहिती मोबाइलमध्येच साठवली आणि घरी येऊन, गच्चीवर टाकीशेजारी उभं राहून अपलोड केली.